सुपारी हल्ली जाड कातरतेस

"सुपारी हल्ली जाड कातरतेस तू," असं आमचे हे गेल्या दिवाळीपासून म्हणताहेत. जेवण झालं की त्यांनी झोपाळ्यावर बसायचं, हात पुढे करायचा आणि मी पातळ कातरलेली सुपारी त्यांच्या तळहातावर ठेवायची, हे लग्नापासून चालत आलेलं. सुपारी जाड झाली, हे त्यांना बरोबर कळलं. ती मी कातरतच नाही, वाडीत कामाला येणारी मनुबाई कातरून डबीत भरून ठेवते, हे मात्र कळलं नाही.

आमचे हे, डॉ. शरच्चंद्र, म्हणजे पेशंट न बघणारे डॉक्टर. पॅथॉलॉजिस्ट. माणसाचा तुकडा काचेवर यावा लागतो, मग ते बघतात. मुंबईच्या रुग्णालयात त्यांनी सगळं आयुष्य दोन गोष्टींवर घालवलं, मेंदूतल्या गाठी आणि स्नायूंचे आजार. निवृत्तीनंतर आम्ही श्रीवर्धनला वाडीत राहायला आलो तेव्हा टेम्पोतून सगळ्यात आधी मायक्रोस्कोप उतरला, मग मी. तो ओटीवर खिडकीपाशी असतो. खाऱ्या हवेने भिंगांना बुरशी येते म्हणून त्याच्या कपाटात सतत एक दिवा जळत असतो. देवापुढचा दिवा कधीमधी विझतो, हा विझलेला मी पाहिला नाही.

"मेंदूतली गाठ म्हणजे दरोडेखोर, दार फोडून येते," ते विद्यार्थ्यांना सांगायचे. "स्नायूचा आजार म्हणजे घरातलाच माणूस. रोज एकेक भांडं गुपचूप बाहेर नेऊन विकतो." पोरं हसायची. चहा घेऊन आलेली मीही हसायची.

पण एक गोष्ट त्यांची मी कधी चेष्टेवारी नेली नाही. रिपोर्ट खरा द्यायचा. ऑपरेशन चालू असताना मेंदूचा तुकडा यायचा, तिकडे सर्जन कवटी उघडी ठेवून थांबलेला, आणि हे बघून जे असेल ते सांगायचे. एकदा त्यांच्या जिवलग मित्राच्या मुलाचा तुकडा आला होता. मित्र लॅबच्या दाराशी उभा. ह्यांनी बाहेर येऊन त्याला खरं ते सांगितलं, घरी आले आणि दोन दिवस जेवले नाहीत. पण सांगितलं.

त्यांचे सगळे शोधनिबंध मी टाइप केले आहेत. त्यामुळे माझ्याच्याने बरणीचं झाकण उघडेना, तेव्हा मला वय आठवलं नाही, निबंध आठवला. मूठ वळताना बोटांची टोकं तळहाताला लागत नाहीत. मांड्या बारीक होतात. गुडघा चालता चालता मोडतो. घास घशात अडतो. मग अडकित्ता हातातून निसटायला लागला आणि मी तो मनुबाईच्या हातात दिला.

"वयनी, घरात एवढा मोठा डाक्टर हाय," ती म्हणाली, "त्यास्नी हात दाखवा की."

"ते हात बघत नाहीत गं. त्यांना तुकडा लागतो."

दिघीच्या धक्क्यावर बोटीतून उतरताना माझा गुडघा मोडला आणि मी चारचौघांत खाली बसले. ह्यांनी मला उठवलं, साडी झटकली आणि म्हणाले, "चपला बदल आधी. तळ गुळगुळीत झालाय." मला राग आला, आणि बरंही वाटलं. अजून त्यांना कळलेलं नव्हतं.

मी सलिलला फोन केला. सलिल ह्यांचा विद्यार्थी, आता मुंबईत स्वतःच मोठा पॅथॉलॉजिस्ट आहे. भावाकडे जाते असं सांगून मी मुंबईला गेले. त्याने ओळखीच्या सर्जनकडून माझ्या मांडीतला सुपारीच्या फोडीएवढा तुकडा काढवला. परत आल्यावर पट्टी दिसली तेव्हा ह्यांना मी गळू झालं होतं म्हणून सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि पेपर उलटला.

आठवड्याने सलिलचा फोन आला. आवाज पडलेला.

"काकू, स्नायूंना सूज आहे हे नक्की. पण दोन आजारांतला कुठला, ते मला ठाम सांगता येत नाही. एकाला गोळ्या लागू पडतात, माणूस पुन्हा चालायला लागतो. दुसऱ्याला काहीच लागू पडत नाही. त्या दुसऱ्यात लाल कडांच्या पोकळ्या दिसतात. मला एखादीच दिसतेय, तीही धड नाही. सरांनी बघितलं तर..."

"मग सरांना पाठव. नाव न घालता."

"मला नाही जमणार, काकू. त्यांना फसवायचं?"

"त्यांना नाव कळलं तर ते मला फसवतील," मी म्हटलं. "मला त्यांचा रिपोर्ट हवाय, सलिल. परक्या बाईला देतात तसला."

तो कबूल झाला. स्लाइडवर नंबर आणि सोबत एवढंच, स्त्री, वय अडुसष्ट. कुरिअर यायचं होतं तोपर्यंतचे दिवस कसे गेले विचारू नका. कौल लावणाऱ्यांतली मी नव्हे. पण सोमजाईच्या देवळात जाऊन आले, आणि पायऱ्यांवर कठड्याला धरून चढताना देवीला म्हटलं, गोळ्यांचा आजार दे. मला नातवंडांची लग्नं बघायची नाहीत, काशीला जायचं नाही. मला ह्या घरात माझ्या पायांनी फिरायचंय. गोळ्यांचा दे.

पाकीट आलं त्या दिवशी मनुबाई आली नव्हती. भाचीचं लगीन होतं तिच्या. ह्यांनी पाकीट उघडलं ते वाढदिवसाच्या मुलासारखं. काच दिव्यासमोर धरली, मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि वाकले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.  थोड्या वेळाने ते गुणगुणायला लागले. केस मनासारखी असली की ते गुणगुणतात.

"श्यामला! अगं लवकर ये. बघ तरी. इतकी सुंदर केस मला निवृत्तीनंतर बघायला मिळाली नाही."

मी वाकून डोळा लावला. हिरवट निळे तंतू, एकमेकांना चिकटून, आणि त्यांच्या पोटात बारीक बारीक भोकं. प्रत्येक भोकाला लाल कड, कुणी सुईने काढल्यासारखी. ती मी होते. इतकी वर्षं ज्या शब्दांवर माझी बोटं चालली, ते शब्द आता दिसत होते.

"एकच आहे का हो पोकळी?"

"एक? भरलंय नुसतं! सलिलला कसं दिसलं नाही, आश्चर्य आहे."

"म्हणजे गोळ्या नाहीत."

"छे. गोळ्या देऊन हाडं ठिसूळ करायची, बाकी काही नाही."

मी टेबलाची कड धरली. "मग ह्या बाईचं पुढे काय?"

ते भिंग फिरवत होते. आवाजात जराही फरक नाही. "हळूहळू हात जातील. मग जिना. मग खुर्ची. घास अडकायला लागला की जपावं लागेल. लगेच मरत नाही गं कुणी ह्यात, तेच वाईट आहे." मग थांबून म्हणाले, "तिला कुणी आहे की नाही, सलिलने लिहिलेलं नाही. नवरा असला तर त्याला सांगायला हवं, बाईला पायऱ्यांवर एकटं सोडू नकोस."

त्यांच्या पाठीत एक धपाटा घालावा असं वाटलं मला, आणि त्याच पाठीवर डोकं ठेवून रडावं असंही. दोन्ही केलं नाही. एवढी वर्षं हे तुकडे बघत आले, मी टाइप करत आले, आणि सगळ्या कागदांतून बाहेर काय आलं, तर आजाराचं नाव. औषध नाही. मला फार एकटं वाटलं.

त्यांनी सलिलला फोन लावला, स्पीकरवर. "सलिल, काय केस पाठवलीस रे! शंकाच नको. तुझ्या काकूलासुद्धा दाखवली."

 "सर, मी नंतर करतो," सलिल म्हणाला आणि फोन बंद.

"ह्याला काय झालं?" हे म्हणाले आणि हात धुवायला गेले.

आमटी-भात झाला. माझा घास दोनदा अडला, मी पाणी प्यायले. ते झोपाळ्यावर बसले आणि त्यांनी हात पुढे केला. डबी रिकामी होती. अजूनही सुपारी संपली म्हणून सांगता आलं असतं. सांगावंसं वाटेना. मी अडकित्ता आणि एक आख्खी सुपारी घेऊन त्यांच्यासमोर पाटावर बसले.

सुपारी पात्याखाली धरली आणि दाबलं. बोटं मिटेचनात. पुन्हा दाबलं. दोन्ही हातांनी दाबलं. अडकित्ता निसटून लादीवर पडला आणि सुपारी झोपाळ्याखाली घरंगळत गेली.

ते सुपारी उचलायला वाकले नाहीत. माझ्या हाताकडे बघत राहिले. मग झोपाळ्यावरून उतरून माझ्यासमोर खाली बसले आणि माझा हात त्यांनी हातात घेतला. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाचा हात असा तपासायला घेतलेला मी पाहिला नाही.

"मूठ वळ."

मी वळली.

"घट्ट."

"एवढीच होते."

बोटांची टोकं तळहातापासून लांब राहिली होती. त्या फटीत त्यांनी आपलं बोट घातलं आणि सहज बाहेर काढलं. मग माझ्या मांडीकडे बघितलं, जिथे पट्टी होती.

"अडुसष्ट," ते म्हणाले.

"हो."

ते उठून ओटीवर गेले आणि मायक्रोस्कोपपाशी बसले. एकदा बघितलेली स्लाइड पुन्हा बघायची नाही, असा त्यांचा खाक्या. त्या दुपारी ते ती एकच काच बघत राहिले. भिंग बदललं, दिवा कमी केला, जास्त केला, काच पुसली, परत ठेवली. मी चहा नेऊन ठेवला, त्यावर साय धरली. ऊन ओटीवरून उतरून वाडीत गेलं तेव्हा ते उठले आणि माझ्याजवळ आले. डोळे लाल झाले होते.

"श्यामला, मी घाईने बघितलं. त्या पोकळ्या नाहीत. तुकडा गोठवताना बर्फाचे खडे होतात, त्यांची भोकं आहेत ती. हा गोळ्यांचा आजार आहे. आपण गोळ्या सुरू करू. बरी होशील तू."

बर्फाच्या भोकांना लाल कड नसते. हे वाक्य त्यांनीच लिहिलेलं, आणि टाइप मी केलेलं. ते माझ्याकडे बघत उभे होते, लॅबच्या दाराशी त्यांचा तो मित्र उभा असेल तसे. त्यांनी कधी कुणाला खोटा रिपोर्ट दिला नव्हता. पहिला मला दिला.

"बरं," मी म्हटलं. "उद्यापासून घेते."