दहा पुरुष पाणी

एपाफ्रा वर आला तेव्हा त्याच्या डाव्या कानातून रक्ताची बारीक धार मानेवर उतरत होती. होडीची कड धरून तो थोडा वेळ नुसताच लोंबकळत राहिला. मग तोंडातले उरलेले तेल थुंकून म्हणाला, "बांधली. मूर्तीच्या कमरेला दोन वेढे घातलेत. आता देवीला वर ओढा म्हणावं."

"घट्ट बसलाय ना दोर?" मोस्कसने विचारले.

"बसलाय. बाई जड आहे मात्र, तुझ्या बहिणीसारखी."

"सांगतो ताईला."

"सांग. एक कान गेलाच आहे, दुसरा ती उपटेल."

मोस्कस हसला, पण त्याचे लक्ष त्या रक्तावर होते. एपाफ्राच्या बायकोचा, थल्लुसाचा तो धाकटा भाऊ. अठरा वर्षे एपाफ्रा ओस्तियाच्या बंदरात बुड्या मारत होता आणि अठरा वर्षे त्याच्या कमरेच्या दोरीचे दुसरे टोक मोस्कसच्या हातात होते.

अलेक्झांड्रियाहून आलेले ते गलबत चार दिवसांपूर्वी वादळात सापडून धक्क्याच्या तोंडाशीच बुडाले होते. गव्हाचा लगदा झाला, त्याची कोणाला आशा नव्हती. पण गलबताच्या पोटात भाग्यदेवी फोर्तुनाची ब्राँझची मूर्ती होती, आणि नव्या देवळात ती उत्सवाआधी बसायला हवी होती. पाणी दहा पुरुष खोल. तेवढ्या खोल जाणारा पाणबुड्या बंदरात एपाफ्राच उरला होता. वैद्याने त्याला स्पष्ट सांगितले होते, "उजवा गेला. डावा हवा असेल तर सहा पुरुषांच्या खाली जाऊ नकोस." थल्लुसाने घराबाहेर पडताना त्याचा दंड धरून वदवून घेतले होते, की ही शेवटची बुडी.

दुपारी मूर्ती धक्क्यावर आली. हमालांनी आरोळ्या ठोकल्या, मुकादमाने देवीच्या पायांवर द्राक्षरस ओतला. एपाफ्रा बाजूला दगडावर बसून पाव आणि खारवलेली ऑलिव्ह खात होता, तेव्हा ती बाई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

बुडालेल्या गलबताच्या सुकाण्याची ती बायको, थाएसिस. वादळात नवऱ्याने तिला आधी छोट्या होडीत बसवले, मागोमाग खलाशांना उतरवले आणि स्वतः सुकाणू धरून उभा राहिला. बाकीचे सगळे वाचले. चार दिवस ती धक्क्यावरच होती.

"खाली माणूस बघितला?" तिने मोडक्यातोडक्या भाषेत विचारले.

"नाही, बाई," एपाफ्रा म्हणाला. "प्रवाहाला ओढ फार आहे. समुद्रात गेला असेल."

ती गेली नाही. तिथेच खाली बसली.

"त्याच्या या हाताला दोन बोटं नाहीत," स्वतःचा उजवा हात दाखवत ती म्हणाली. "दोरात गेली. भाकरी मोडता येत नाही त्याला. मी मोडून देते. रोज."

एपाफ्राने मोडायला घेतलेला पाव तसाच हातात धरून ठेवला.

"आमच्यात देह नसला तर माणूस पलीकडे जात नाही. इथेच फिरतो. रस्ता विचारत." मग ती उठली. "तू चांगला माणूस. तू बघितलं असतं तर सांगितलं असतं."

ती दहा पावले गेली असेल. एपाफ्राने पाव खाली ठेवला आणि मोस्कसला हाक मारली, "होडी काढ."

"कशाला?"

"तो आहे खाली. डोलकाठीखाली अडकलाय. सकाळी त्याचा हात माझ्या खांद्याला लागला. तीन बोटांचा."

मोस्कस त्याच्या वाटेत आडवा आला. "दाजी, मेलाय तो. तुम्ही जिवंत आहात. मी ताईला काय तोंड दाखवू?"

"मी तिला तोंडावर खोटं सांगितलं रे. आणि वर ती मला चांगला म्हणाली."

मुकादम मध्ये पडला. "देवी आली, काम संपलं. मढ्यासाठी आमचा एक दोर मिळणार नाही."

"दोर आमचा आहे, होडी आमची आहे," मोस्कस त्याच्यावर खेकसला, "आणि हा कानही तुमचा नाही. व्हा बाजूला!" बोलून झाल्यावर आपण कोणाच्या बाजूने बोललो हे त्याच्या ध्यानात आले, आणि तो निमूटपणे होडीकडे निघाला.

एपाफ्राने कानात स्पंजाचा बोळा घातला, तळाशी सोडले की नजरेपुढचे पाणी निवळते म्हणून तोंडात तेल भरले, झटकन बुडण्यासाठी शिशाचा गोळा पोटाशी धरला आणि पाय सोडले.

सहा पुरुषांवर कानात गरम सुई शिरल्यासारखे झाले. आठवर ती मेंदूपर्यंत गेली. त्याने तोंडातले तेल सोडले, आणि काळोख जरा निवळला. सुकाण्या तसाच होता. डोलकाठी त्याच्या पायांवर आडवी पडली होती आणि दोराचा गुंता कमरेभोवती होता. एपाफ्रा सुरीने दोर कापू लागला. दोर भिजून लोखंडासारखा झाला होता. छाती फुटायला आली, वर मोस्कस दोरीला झटके देत होता, "या, या" म्हणून. शेवटचा पीळ तुटला आणि त्याच क्षणी कानातले दुखणे एकदम थांबले. ते थांबले म्हणजे काय झाले, हे एपाफ्राला खालीच कळले. त्याने सुकाण्याला डोलकाठीखालून ओढून काखेत धरले आणि दोरी ओढली.

वर ऊन होते. मोस्कसचे तोंड हलत होते. डोक्यावर समुद्रपक्षी चोची उघडत होते आणि मिटत होते.

धक्क्यावर थाएसिसने नवऱ्याचे डोके मांडीवर घेतले, त्याच्या केसांतली वाळू काढली. मग ती एपाफ्राकडे वळली आणि खूप वेळ काहीतरी बोलली. तो तिच्या ओठांकडे बघत मान हलवत राहिला. ती थांबल्यावर त्याने मोस्कसकडे पाहिले. मोस्कसने दोन्ही हात उघडून दाखवले. ती तिच्या भाषेत बोलली होती. त्यालाही काही समजले नव्हते.

कोणीतरी सांगितले म्हणून थल्लुसा धावत आली. येतानाच तिच्या तोंडाचा पट्टा सुरू होता. नवऱ्यासमोर येऊन तिने हात नाचवले, आणि तो आपल्या डोळ्यांकडे न बघता ओठांकडे बघतो आहे हे पाहून ती अर्ध्यातच थांबली. पदराचे टोक ओले करून तिने त्याची मान पुसली. मग कान पुसला. मग पुन्हा मान पुसली.

संध्याकाळी वेशीबाहेर, पाणबुड्यांच्या दफनभूमीत सुकाण्याला जागा मिळाली. बासरीवाले नव्हते, रडणाऱ्या बायका नव्हत्या. चौघांनी त्याला ठेवलेली फळी खांद्यावर घेतली. एपाफ्राला सगळ्यांनी नको म्हणून खुणा केल्या, तरी त्याने मागचा कोपरा सोडला नाही. फळी नेताना पावले जुळावीत म्हणून पुढचा माणूस ताल देत असतो. तो त्याला ऐकू येत नव्हता. तेव्हा पुढचा कोपरा धरलेल्या मोस्कसच्या टाचांवर नजर ठेवून, त्या उचलल्या की आपले पाऊल उचलत, तो शेवटपर्यंत चालला. वाटेत फळी एकदाही डगमगली नाही.