दर रविवारी वीतभर

भर दुपारी बिस्किटांचा डबा पोटाशी धरून एवोदियो बारिएंतोस थिएटरात शिरू लागला, तेव्हा दारावरच्या पोरीनं त्याला अडवलं.

"आजोबा, खायचं बाहेर ठेवा."

"अगं, कुणाला अडवतेस?" आतून महोत्सववाली इत्सेल धावत आली. "यांच्यामुळे तर आजचा खेळ आहे!"

तेही खरंच होतं. 'शनीवरची विधवा' या साठ वर्षांपूर्वीच्या सिनेमाची मूळ फिल्म केव्हाच जळून गेली होती, बाकीच्या प्रती भंगारात गेल्या होत्या. उरली ती एकच, एवोदियोच्या पलंगाखालची. ग्वादालाहारातल्या एका वस्तीतल्या थिएटरात त्यानं एकतीस वर्षं मशीन चालवलं होतं. ती प्रत फिल्म संग्रहालयानं धुऊनपुसून, आहे तशी पडद्यावर आणली होती.

डब्यात मात्र बिस्किटं नव्हती. डब्यात फिल्मचे तुकडे होते, विधवेच्या चेहऱ्याचे. रीळ पुढच्या गावी धाडण्याआधी आवडत्या नटीच्या चार चौकटी कापून ठेवायच्या, ही मशीनवाल्यांची जुनी खोड. खेळ संपला की डबा तिच्या हाती द्यायचा, आणि साठ वर्षं जिभेवर असलेलं एक वाक्य बोलायचं, असं त्यानं ठरवलं होतं. गेले आठ दिवस तो आरशासमोर तेच वाक्य म्हणत होता.

ती शेजारच्याच खुर्चीत होती. अंपारो, पडद्यावरची विधवा. आता चौऱ्याऐंशीची, काठी गुडघ्यांत धरलेली.

"मशीनवाला तूच का रे?"

"हो, बाई."

"माझं भाषण शाबूत आहे ना? शिरस्त्राण काढून बोलते ते?"

"सगळं आहे, बाई. मला तोंडपाठ आहे."

"तुला असेल रे. पडद्याला आहे का, ते विचारतेय."

तो हसला. त्याला वाटलं, बाई गंमत करतायत.

"सतरा सिनेमे केले मी," ती म्हणाली. "सोळांत नुसती किंचाळले. बोलू दिलं ते इथं, दीड मिनिट. ते एकदा बघायचं आणि मग डोळे मिटायचे. बाकीचा सिनेमा टाकाऊच आहे, मला ठाऊक आहे."

"टाकाऊ काय, बाई! तसा सिनेमा पुन्हा झाला नाही."

अंधार झाला. शनीचं यान आभाळातून उतरलं आणि सभागृह खदखदलं. यानाला बांधलेला दोरा ढळढळीत दिसत होता. यानाची कळ म्हणजे चक्क गॅसच्या शेगडीचं बटण. एवोदियो खुर्चीत आक्रसला. हा दोरा तेव्हा होता का? त्यानं हा सिनेमा शेकडो वेळा दाखवला होता, पण दोरा पाहिल्याचं त्याला काही केल्या आठवेना.

"हसू दे," अंपारो पुटपुटली. "शिरस्त्राण तर माझ्या आईची कढई आहे. पण माझी जागा येऊ दे. तिथं कुणी हसलं नव्हतं. वरच्या स्वस्त बाकांवरच्या हमालांनी टोप्या काढल्या होत्या."

तिची जागा आली. विधवेनं पृथ्वीवरच्या डॉक्टरावर किरणांची बंदूक रोखली. "तुमची एकही आई जिवंत ठेवणार नाही!" मग ती थबकली. दोन्ही हात शिरस्त्राणाकडे गेले. अंपारोनं काठी घट्ट धरली.

पडद्याला हिसका बसला. भाषण नाहीच, विधवा थेट डॉक्टरच्या कपाळावर ओठ टेकवत होती. मग ती यानात चढली आणि दोऱ्याला लोंबकळत शनीकडे निघून गेली.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग जो हशा उसळला, तो थांबेचना. मागून कुणीतरी म्हाताऱ्या घशानं ओरडलं, "काकारोऽऽ!"

मशीनवाल्याला या गावात काकारो म्हणतात. फिल्म तुटली, पडदा धुरकटला की अख्खं थिएटर त्याच्या नावानं शंख करायचं: काकारो, बाटली सोड! काकारो, पोरीला सोड!

एवोदियोच्या मांडीवरचा डबा एकदम जड झाला. हा सिनेमा त्याच्या थिएटरात दर रविवारी लागायचा; खेळ संपला की तो तेवढीच जागा कापायचा, वीतभर. वीतभर म्हणजे अर्धा सेकंद. अर्ध्या सेकंदानं कुणाचं काय बिघडतं? पुढच्या रविवारी ती अर्धा सेकंद आधी गप्प व्हायची, इतकंच. मशीनच्या खोलीच्या खिडकीतून पाहताना गेलेला भाग त्याचं मन भरून काढायचं, म्हणून त्याला ती कायम पूर्णच दिसली. वर्षाचे रविवार बावन्न. साडेतीन वर्षांचं झालं दीड मिनिट. हा हिशेब त्यानं आज प्रथम केला, आणि तो पडद्यावरच्या हिसक्याशी बरोबर जुळला.

दिवे लागले.

"कुणी कापलं रे?" अंपारोनं विचारलं. तिचा आवाज साधाच होता. "पाद्र्यानं?"

"असेल... पाद्र्यानंच. तेव्हा फार कापायचे, बाई."

"हं. देवाला जाब विचारला होता मी त्यात." तिनं रुमालानं तोंड टिपलं. "डब्यात काय आहे?"

"बिस्किटं."

"दे एक. तोंड कडू झालंय."

तो हलला नाही. तिनंच हात लांब करून झाकण उघडलं. कुजत्या फिल्मला सुटतो तसा व्हिनेगरचा आंबूस भपकारा आला. आतले तुकडे एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा झाला होता. कडेचा एक सुटला. तिनं तो दिव्यासमोर धरला, चष्मा सारखा केला आणि बराच वेळ पाहत राहिली.

"हे सगळं मीच?"

"हो, बाई."

"आवडायचे का मी तुला?"

आरशासमोर घोकलेलं वाक्य बोलायची वेळ हीच होती. त्यानं नुसती मान हलवली.

"माझ्या नवऱ्यालाही आवडले होते," ती म्हणाली. "त्यानंही असंच केलं. सिनेमातून काढलं आणि घरी नेऊन ठेवलं."

तेवढ्यात इत्सेलनं त्याला हाताला धरून मंचावर नेलं. डबा त्याच्या काखेतच राहिला. "मित्रांनो, इतके तर आपण वर्षभरात हसलो नसू!" ती म्हणाली. "आणि हे रत्न ज्यांनी वाचवलं, ते हे, एवोदियो बारिएंतोस! आपले काकारो!"

सभागृह उभं राहिलं. शब्द आजच कानावर पडलेली पोरं टाळ्यांच्या तालावर प्रेमानं ओरडू लागली, "काकारो! काकारो!" त्यांना वाटलं, ही पदवी आहे.

एवोदियोनं पहिल्या रांगेकडे पाहिलं. अंपारो काठीवर भार देऊन उभी राहत होती. टाळ्या ती वाजवत नव्हती. तो तुकडा अजून तिच्या मुठीत होता. मग तिनंही तोंड उघडलं, आणि त्या शेकडो आवाजांत त्याला तिचा आवाज वेगळा ऐकू आला. तो शब्द कसा ओरडायचा असतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.