पाव पट पुढचा काटा

जुन्या गाडीचं इंजिन काढून तिथे विजेची मोटर बसवली की गाडी पळते झकास, पण समोरच्या मीटरांचे काटे माना टाकतात. ज्या तेलावर, ज्या केबलवर ते जगायचे, तेच गेलेलं असतं. अशा काट्यांत पुन्हा धुगधुगी आणणारी बाई एका गॅरेजच्या मागच्या खोलीत बसायची. तिला सगळे काटेबाई म्हणत. थोडं कामामुळे, बरंचसं जिभेमुळे.

गॅरेज दिराचं. खोलीही त्याचीच, आणि हल्ली त्या खोलीवर मीटरांऐवजी स्क्रीन बसवून देणाऱ्या एका स्क्रीनवाल्याचा डोळा होता.

"वहिनी, राग मानू नका," दीर म्हणाला होता, "पण काट्यांना आता विचारतंय कोण? बिल्डरसाहेबांची गाडी आलीये, ते खूश झाले तर खोली तुमची. नाहीतर पुढच्या महिन्यात तो स्क्रीनवाला येतोय. तुमचं टेबल जिन्याखाली लावू."

वीस वर्षं कोपरं टेकलेलं ते टेबल जिन्याखाली मावत नाही, हे तिनं मोजून पाहिलं होतं.

बिल्डरसाहेबांची गाडी म्हणजे त्यांच्या वडिलांची गाडी. वडील चांगले हयात होते, पण साहेब त्यांच्याबद्दल भूतकाळातच बोलायचे.

"तेलाचा काटा मधोमध उभा हवा," साहेबांनी फर्मावलं.

"मोटरीत तेलच नाही."

"नसू दे. पडलेला काटा बरा दिसत नाही."

"मग काय, मढंसुद्धा बसतं करून ठेवायचं? बरं दिसतं म्हणून?"

मागे दिराला खोकल्याची उबळ आली. शेवटी तेलाचा काटा मोटरीची उष्णता दाखवायला लागला आणि पेट्रोलचा काटा बॅटरीत उरलेली वीज. घोडं पेंड खात होतं ते वेगाच्या काट्यापाशी. पूर्वी गिअरबॉक्समधून आलेली केबल फिरायची, तिच्या टोकाचं लोहचुंबक काट्याला पुढे ओढायचं आणि केसाएवढी स्प्रिंग त्याला मागे धरून ठेवायची. तिनं ती केबल फिरवायला एक छोटी मोटर जोडली. चाकांचे फेरे मोजून त्या मोटरीला हुकूम सोडणारी एक डबीही बसवली. मग तपासलं, तर काटा पाव पट जास्त दाखवत होता. खरा वेग शहाण्णव, काटा एकशेवीसवर. तिनं स्प्रिंग ताणून तो सरळ केला.

"म्हणजे बाबा एकशेवीसनं घाट उतरले होते, त्याचं काय?" साहेबांनी विचारलं.

"शहाण्णवनं उतरले असतील. तेही काही कमी नाही."

"बाई, जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाच्या बॅनरवर एकशेवीस छापून झालंय."

"मोबाइलवर वेग कळतो. लावून बघा."

"मोबाइल चुकतो," साहेब म्हणाले. "होता तसा करून द्या. नाहीतर स्क्रीनच बसवू."

ते गेल्यावर दिरानं टेप काढून खोलीच्या दाराची रुंदी मोजली. वहिनींचं लक्ष नाही, असा त्याचा समज.

तिनं मीटर पुन्हा खोललं, या वेळी डायलसकट. या धंद्यात एक रीत असते. डायल सुटला की त्याच्या पाठीवर पेन्सिलीनं आपण काय केलं ते लिहायचं, म्हणजे पुढचा माणूस फसत नाही. पाठीवर चाळीस वर्षांपूर्वीची तारीख होती आणि खाली कुणाचं तरी किरटं अक्षर: 'मालकांच्या सांगण्यावरून काटा पाव पट पुढे.'

दुसऱ्या दिवशी मालक स्वतःच आले. काठी टेकत, मुलाला न सांगता. काटेबाईंनी डायल पालथा करून पुढे ठेवला. म्हाताऱ्यानं तो सावकाश वाचला.

"सापडलं म्हणायचं."

"काका, हे कशासाठी?"

"भीतीपोटी. सत्तरच्या पुढे माझे पाय लटपटायचे. मित्र शेजारी बसून विचारायचे, गाडीचे बैल कधी बदलणार? काटा नव्वदीला टेकायला लागला, तशी त्यांची तोंडं मिटली."

"आणि घाटातले एकशेवीस?"

"ते तर काट्यालासुद्धा माहीत नाहीत."

तिला हसू आलं. "मग आता खरा राहू दे ना."

"माझं सोडा हो. ही मोटर किती पळेल?"

"दीडशे सहज."

"आणि ब्रेक?"

"जुनेच. साहेब म्हणतात, नवे या गाडीला शोभत नाहीत."

"माझा मुलगा एकशेवीस बघितल्याशिवाय थांबायचा नाही, बाई. बघू दे. पण शहाण्णवला बघू दे."

वीस वर्षांत कुणाच्याही सांगण्यावरून तिनं काटा हलवला नव्हता. या एका गोष्टीवर ती सगळ्या नातेवाइकांचे टोमणे परतवून लावायची.

"यात माझी खोलीही वाचते," ती म्हणाली. निदान हे तरी खरं बोलावं म्हणून.

"मग वाचू दे की. त्यात कसलं पाप?"

"पाप नाही. पण उद्यापासून मला दुसऱ्याला नावं ठेवता यायची नाहीत, आणि त्याशिवाय माझा दिवस जात नाही."

"दोन दिवस जड जाईल," म्हातारा म्हणाला. "मग सवय होते."

तिनं चिमटा उचलला आणि स्प्रिंग सैल केली.

प्रदर्शनाच्या दिवशी साहेबांनी मोकळ्या रस्त्यावर काटा एकशेवीसला नेला आणि त्याचा फोटो काढून घेतला. शेजारी वडील दोन्ही हातांनी सीट धरून, डोळे मिटून बसले होते. साहेब लोकांना सांगत होते, बाबांना जुने दिवस आठवले. 'बाईंचा हात म्हणजे हात,' असंही सांगत सुटले.

संध्याकाळी दीर हसतच खोलीत आला.

"वहिनी, मानलं तुम्हाला. खोली तुमची. माझा शब्द."

"शब्द नको. लिहून दे."

"घरच्या घरात लिखापढी?"

"घरातच लागते," ती म्हणाली आणि पेन त्याच्यापुढे सरकवलं. "आणि सही वाचता येईल अशी कर."