घेता न आलेलं वकीलपत्र

रत्नागिरीत जयस्तंभाच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीला तेजस्वी खांबेने आपल्या नावाची पाटी लावली, त्याला पाच महिने होत आले होते. ती मूळची मंडणगड तालुक्यातली. वडील मुंबईत एका सोसायटीत वॉचमन, आई गावाला. घरात वकिली कुणी केलेली नव्हती. सनद मिळाल्यावर एखाद्या ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली राहावं असं तिलाही वाटलं होतं. दोघांनी ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हटलं, आणि असे बरेच पुढचे महिने गेल्यावर तिने स्वतःचंच टेबल मांडलं.

रोज सकाळी कोट घालून ती कोर्टात जाई. बार रूममधली प्रत्येक खुर्ची कुणाची ना कुणाची ठरलेली. ‘इथे साहेब बसतात’ हे दोनदा ऐकल्यावर ती खिडकीशी उभी राहायला लागली. काम म्हणजे प्रतिज्ञापत्रं, नावातल्या दुरुस्त्या. बाकी वेळ खोलीत ती आणि पंख्याची घरघर. कधीकधी तर दिवसातलं पहिलं वाक्य ती बोलायची ते सगुणाकाकूंच्या खानावळीत.

सगुणाकाकू साठीच्या, विधवा, मूलबाळ नाही. सासरच्या घराच्या पडवीत चार टेबलं टाकून त्या दुपारचं जेवण द्यायच्या. गर्दी ओसरली की तिच्यासमोर येऊन बसायच्या.

“आज कोणाशी भांडलीस गो?”

“कुणी भांडायला बोलावलंच नाही.”

“बोलावतील. घे, कुळथाची पिठी घे अजून. वाळलीस बघ किती.”

तिला ताप आला तेव्हा दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढून काकू पेज घेऊन आल्या होत्या. अख्ख्या रत्नागिरीत तिची वाट बघणारं तेवढं एकच माणूस होतं.

एका सोमवारी पस्तिशीचा एक माणूस खोलीत आला. नाव अजिंक्य, राहायला बोरिवलीला.

“इथलं घर वडिलांच्या नावावर आहे. वडील गेले. आता विकायचंय, पण काकी राहते तिथे. तिला बाहेर काढायचंय.”

दिवाणी काम! तेजस्वीने घाईघाईने वही उघडली. तोही मोकळेपणाने बोलत सुटला.

“खरं सांगू मॅडम? घर आजोबांचं. कोर्टात गेली तर अर्धं तिला द्यावं लागेल, एवढं मला कळतं. पण ती जायची नाही. सरकारी कागद बघितला तरी घाबरते. एक कडक नोटीस गेली की गाशा गुंडाळेल.”

“काकींचं नाव?”

“सगुणा. इथेच मागे खानावळ चालवते.”

तेजस्वीने पेन खाली ठेवलं. समोरच्या पक्षाचं नाव आधी विचारायचं, हे कॉलेजात शिकवलं होतं. पहिल्या मोठ्या कामाच्या आनंदात ती तेच विसरली होती.

“मला हे काम घेता येणार नाही. त्या माझ्या ओळखीच्या आहेत.”

त्याचा चेहरा उतरला. “आणि मी आत्ता बोललो ते?”

“ते इथेच राहील. वकिलाला सांगितलंत ना, मग ते कुठे जात नाही.”

त्यानंतर रोज जेवताना काकू समोर बसत आणि तेजस्वीला घास गिळवेना. तीन आठवड्यांनी, ऐन जेवणाच्या वेळी गिऱ्हाईकं टाकून, काकू जिना चढून आल्या. हातात पाकीट होतं. अजिंक्यने दुसरा वकील गाठला होता.

“बघ गो काय लिवलंय. घर सोड म्हणतोय. माझ्या मांडीवर वाढलेला पोर!” काकू खुर्चीत टेकल्या. “सही कुठे करू सांग. तूच माझी वकील.”

“काकू, मला नाही घेता येणार ही केस.”

“का?”

“तेही सांगता येत नाही.”

“घाबरतेस होय? अगो, हरलीस तरी चालेल मला.”

अर्धं घर तुमचं आहे, त्यालाही ते माहीत आहे. तोंडापर्यंत आलेलं ते वाक्य तेजस्वीने गिळलं.

“खेडेकर मॅडमकडे जा, चांगल्या वकील आहेत त्या. आजच जा. त्यांना विचारल्याशिवाय कशावरही सही करू नका. मी तुम्हाला त्यांच्या दारापर्यंत सोडते.”

“दारापर्यंत.” काकू उठल्या. पाकीट पदराखाली घेतलं. “मी जाईन माझी. मला वाटलं, आपलं माणूस आहे.”

दुसऱ्या दिवशी ती जेवायला गेली. ताट आलं, पण ते कामवालीच्या हातून. काकू चुलीपाशी पाठमोऱ्याच राहिल्या. चार दिवस असं जेवून तिने जाणं सोडलं. दुपारी खोलीतच पाव आणि केळी. रविवारी ती भाट्याच्या किनाऱ्यावरच्या सुरूबनात जाऊन बसे आणि माणसं कुटुंबानिशी येताजाताना बघे. फोनवर आई विचारायची, “जेवणाचं बरं चाललंय ना?” ती म्हणायची, “हो.” आईला तरी काय सांगणार? सांगण्यासारखं जे होतं ते तिचं नव्हतंच.

दिवाळीनंतर कोर्टाच्या व्हरांड्यात मथुरा खेडेकर तिला भेटल्या. “तू पाठवलेल्या बाईंचं मिटलं. दावा लावल्यावर पुतण्या नरमला. अर्धं घर त्यांचं, पडवीसकट.” मग म्हणाल्या, “तू का नाही घेतलीस?”

“घेता आली नाही.”

त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं. त्यांना काय ते कळलं असावं. “मी बोलू का त्यांच्याशी?”

“काय बोलणार मॅडम?”

तेवढ्यात कागद सावरत सगुणाकाकू आल्या. तेजस्वीला बघून त्या क्षणभर अडखळल्या. आपण हसतोय की रडतोय हे तेजस्वीला कळेना. काकूंनी हात जोडले.

“नमस्कार, मॅडम,” त्या म्हणाल्या आणि खेडेकरांच्या मागोमाग पायऱ्या उतरून गेल्या.