पाहुणे आले आणि पंखा अडकला

मानपाड्याहून शिवराम आपल्या आईला, रंगूबाईंना घेऊन मुलगी बघायला कळव्याला आला, तेव्हा मालन केसांत अबोलीचा गजरा माळून कॉम्प्युटरसमोर बसलेली होती. पाहुणे येणार हे तिला ठाऊक होतं. पण संध्याकाळी टेंभी नाक्याच्या छापखान्यातला माणूस लग्नपत्रिकेची फ्लॉपी न्यायला येणार, हेही ठाऊक होतं. अठ्ठ्याण्णव सालचा मे महिना. घरबसल्या पत्रिका, हँडबिलं टाइप करून द्यायचा तिचा धंदा नुकता कुठे मार्गी लागत होता.

पोहे झाले, नाव-शिक्षण विचारून झालं. मग तिचे वडील, आबा, कौतुकानं म्हणाले, "चला, आमच्या मालूचा कॉम्प्युटर तरी बघा."

आतल्या खोलीत पडद्यावर अर्धी पत्रिका होती, पण माउसचा बाण हलेना. मालननं कॅबिनेटला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"परत हँग झाला. आतला पंखा अडकतोय. हा आणि मागचा, दोन्ही नवीन आणून ठेवलेत, पण बसवायला वेळच मिळत नाहीये."

"उद्या बोलव कुणालातरी," आबा हळूच म्हणाले. "पाहुणे बसलेत."

"आबा, पत्रिका आज जायचीय!"

शिवराम पंपाच्या कारखान्यात फिटर होता. तो पुढे आला. "मी करू का मदत? कॉम्प्युटरमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण स्क्रू पिळायचं काम रोजचंच आहे."

"ही बॅटरी धरा मग, आत उजेड पाडा," मालन म्हणाली आणि तिनं पदर खोचला. रंगूबाईंनी लेकाच्या नव्याकोऱ्या शर्टाकडे एकदा काळजीनं बघितलं.

मालननं मेनची वायर काढली, झाकण उघडलं. आत धुळीचा जाड थर होता.

"आधी पत्र्याला हात लावा. अंगातली वीज बोर्डाला लागली तर बोर्ड जातो."

शिवरामनं मुकाट हात लावला. प्रोसेसरवरचा जुना पंखा निघाला, नवा बसला. त्याच्या वायरीच्या टोकाला एक चिमुकला पांढरा प्लग होता आणि मदरबोर्डवर प्रोसेसरशेजारी त्याच्यासाठी तीन पिना. मालननं लावून पाहिला, जाईना.

"जोर लावू का?" तिनंच विचारलं.

"नको, पिना वाकतील." शिवराम मान तिरकी करून वाकला. "प्लगवरची ही पट्टी बघा, या बाजूला आहे. तुम्ही उलटा धरलाय."

तिनं प्लग फिरवला. टच्‌कन बसला. दोघांनी एकदमच "हां!" केलं आणि दोघंही एकदमच लाजले.

दुसरा पंखा कॅबिनेटच्या मागच्या बाजूला, आतली गरम हवा बाहेर टाकायला. तो शिवरामनं घट्ट पिळला. मालननं बोर्डावरची बारीक अक्षरं वाचून त्याची वायर दुसऱ्या पिनांवर लावली, मेनची वायर जोडली आणि बटण दाबलं.

दोन्ही पंखे फिरले. पण मागचा पंखा हवा बाहेर टाकायच्या ऐवजी आत ओढू लागला, आणि आतली सगळी धूळ उसळून वाकून बघणाऱ्या शिवरामच्या तोंडावर आली. तो जोरात शिंकला. भुवया पांढऱ्या, शर्ट राखाडी.

दारातून रंगूबाईच खो खो हसायला लागल्या आणि मालनलाही हसू आवरेना. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अहो, बाण नाही बघितलात? पंख्याच्या कडेला असतो, हवा कुठे जाणार ते कळायला."

"तुम्ही सांगितलंत कुठे?"

"खरंच की. चुकलंच माझं."

शिवरामनं तोंड पुसलं आणि हसत हसत पंखा उलटा करून पुन्हा बसवला. या खेपेला मागे हात धरला तर गरम हवा बाहेर येत होती. मशीन पुन्हा काही अडकलं नाही. अर्धी पत्रिका मात्र पुसली गेली होती. मग हाताने लिहिलेला कागद शिवराम वाचत गेला, मालन टाइप करत गेली. मामा-मावश्यांची नावं तो इतकी ठणठणीत वाचत होता, की शेजारच्या आवडाबाई खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या. छापखान्याचा माणूस आला तेव्हा फ्लॉपी तयार होती.

निघायची वेळ झाली. रंगूबाई रीतीप्रमाणे म्हणाल्या, "घरी बोलून कळवतो."

"आई, घरी कुणाशी बोलणार? आपण दोघंच तर आहोत," शिवराम म्हणाला.

आबांनी मालनला स्वयंपाकघरात नेलं. "काय गं?"

"एवढी धूळ अंगावर आली, पण चिडला नाही हो आबा. उलट हसला." मालननं मान वर केली. "माझं हो आहे. जा, सांगा त्यांना."

आबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तरातरा बाहेर गेले.