सुरईच्या पोटातले भावोजी

मित्रांनो, मी एक जुना टेबललॅम्प आहे. मान वाकडी, बुडाला गंज आणि स्वभाव तापट. डूख धरावा तर मीच.

या घरात आलो तेव्हा वहिनींनी मला काचेच्या भांड्यांचे फोटो काढायच्या कामाला लावले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्या पेला मांडत, मागे ट्रेसिंग पेपर ताणत आणि त्याच्याही मागे मला उभे करत. पेल्याच्या दोन्ही अंगांना काळ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या. मग काचेची कड काजळ घातल्यासारखी उठून दिसे. "काचेच्या तोंडावर उजेड मारायचा नसतो, पाठीमागून द्यायचा," असे म्हणत त्या माझी धूळ पुसत. सहा वर्षे मी त्या कागदामागे उभा राहिलो. एकाही फोटोत दिसलो नाही, पण त्याचे वाईट कधी वाटले नाही.

मग त्यांचे धाकटे दीर भलामोठा नवा दिवा घेऊन आले. "वहिनी, हे भंगार कशाला ठेवलंय? आता बघाच तुम्ही!" काळ्या पट्ट्या धरून ठेवणाऱ्या स्टँडपैकी एकही त्यांनी मोडीत काढला. वहिनी गप्प बसल्या. ते गप्प बसणे मला 'भंगार'पेक्षा जास्त लागले. माझी रवानगी कपाटावर झाली.

त्याच दुपारी काचकारखान्याच्या मालकीणबाईंची सुरई आली होती. फोटो पसंत पडला, तर वर्षभराचे काम वहिनींचे. पाच वाजता बाई स्वतः फोटो बघायला येणार होत्या. भावोजींनी सुरईमागे काळे कापड लावले, समोर नवा दिवा ठेवला, उकडते म्हणून शर्ट काढला. कॅमेऱ्याची बटणे दिसेनात, तेव्हा मला कपाटावरच पेटवून माझी मान स्वतःकडे वळवली. आयतीच संधी! होता नव्हता तेवढा उजेड मी त्यांच्या अंगावर ओतला.

साडेतीनला वहिनींनी फोटो मोठा करून पाहिला. सुरईच्या पोटात भावोजी उभे होते. भोकाभोकांचे बनियन, सुटलेली ढेरी, सगळे लख्ख.

"अगंबाई! भावोजी, हे काय?"

"कुठे काय? ...अरे देवा!"

मी मनातल्या मनात टाळ्या पिटल्या. पण वहिनींनी घड्याळाकडे पाहिले. सूड भावोजींवर उगवायचा होता आणि बुडत होते वहिनींचे काम. क्षणभर वाटले, बुडू दे! त्या गप्प बसल्या होत्या ना? तेवढ्यात त्यांनी मला खाली उतरवले, रुमालाने पुसले आणि म्हणाल्या, "चुकलंच माझं." चक्क मला म्हणाल्या. मग काय, मी कागदामागे उभा राहिलो आणि जीव तोडून पेटलो.

मोडीत गेलेल्या स्टँडच्या जागी भावोजींना बसवले. बाजूने हात लांबवून त्यांनी पट्टी धरली. कोपर नेमके माझ्या तापलेल्या टोपीपाशी आले.

"वहिनी, भाजतंय हो!"

"भाजू दे. हलायचं नाही. अजून चार फोटो."

पाच वाजता मालकीणबाईंनी फोटो पाहिला. सुरईच्या कडेवरून बोट फिरवत त्या म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात उरलेली भांडी पाठवते." वहिनींनी डोळे पुसले. भावोजींच्या कोपरावरचा डाग अजून आहे. त्याचे मला तिळमात्र दुःख नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा. त्यांना भंगार म्हणू नका. आणि म्हणायचेच असेल, तर निदान अंगात शर्ट असू द्या.