एकशे तीन व्होल्ट

"लोडशेडिंग का हो, गुरुनाथराव?"

पुरुषोत्तमरावांनी हसत हसतच विचारलं होतं. आरव्हीच्या टपावरचा एसी नुकताच धापा टाकत बंद पडला होता आणि आत एकदम शांतता पसरली होती, त्यामुळे तो प्रश्न गुरुनाथला नको इतका स्पष्ट ऐकू आला.

"छे, छे. इथे कुठलं लोडशेडिंग," तो म्हणाला. "व्होल्टेज जरा कमी झालं असेल. बघतो."

पुरुषोत्तमराव त्याचे व्याही, त्याच्या मुलीचे, अंतराचे सासरे. सांगलीला बँकेत मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. पत्नी सुनेत्राताईंसह ते पहिल्यांदाच अमेरिकेत आले होते. चार दिवसांपूर्वी ईडन प्रेरीच्या घरी जेवताना गुरुनाथने त्यांना सांगितलं होतं, "छत्तीस वर्षं झाली मला या देशात. पॉवर गेलेली किती वेळा पाहिली, ते एका हाताच्या बोटांवर मोजून दाखवतो." अंतरा आणि जावई दोघांनाही सुट्टी नव्हती, तेव्हा व्याह्यांना साउथ डकोटाचे डोंगर दाखवायची जबाबदारी त्यानेच घेतली. हॉटेलं कशाला, आपली आरव्ही आहे, फिरतं घरच ते, असं म्हणाला. त्याच्या बायकोने, शुभाने हळूच म्हटलं होतं, "अहो, जुलै आहे. त्यांना झेपेल का?" त्यावर त्याचं उत्तर होतं, "घरच्यापेक्षा थंड ठेवीन."

तो खाली उतरला. दुपारचे चार वाजले होते. एकशे एक डिग्री फॅरनहाइटचं ऊन मुक्कामाच्या कॅम्पग्राउंडच्या खडीवरून उलटं तोंडावर येत होतं. विजेच्या खांबाला लटकवलेल्या प्रोटेक्टरवर आकडा होता एकशे तीन. असायला हवेत एकशे वीस. एकशे चारच्या खाली गेलं की ही पेटी आपणहून वीज तोडायची, म्हणजे एसीची मोटर जळू नये. पेटीने तिचं काम चोख केलं होतं.

कारण सांगायला त्याला कुणी नको होतं. मिनिआपोलिसच्या एका वीज कंपनीत एकतीस वर्षं त्याने व्होल्टेजच्या तक्रारींचंच काम केलं होतं. दिवे मंद होतात, पंप चालत नाही, अशी पत्रं यायची. मग तो शेतावर जाऊन लाइनला रेकॉर्डर लावायचा आणि स्वयंपाकघरात बसून त्या माणसाला समजावून सांगायचा, की तुमच्या अलीकडे कुणीतरी मोठी मोटर चालवतंय, आणि तुम्ही पडलात लाइनच्या शेवटी. सगळ्यांचं घेऊन झालं की उरेल ते तुम्हाला. या कॅम्पग्राउंडवरही तेच होतं. जुन्या बारीक तारा, एका रांगेत बारा गाड्या, बारा एसी. त्याची साइट नववी होती.

उघड्या दारातून सुनेत्राताई दिसत होत्या. डोंगरांच्या माहितीपत्रकाने वारा घेत होत्या. चेहरा लाल झाला होता, पण विचारलं असतं तर "मला काही होत नाही हं" असंच म्हणाल्या असत्या. शुभा त्यांच्यासाठी सरबत ढवळत होती आणि मान वर करून गुरुनाथकडे बघत नव्हती.

गुरुनाथने सामानाच्या कप्प्यातून बूस्टर काढला. चांगला बारा किलोचा डबा. प्रोटेक्टर काढून खांब आणि गाडी यांच्या मध्ये त्याने तो जोडला आणि गाडीच्या चाकामागे सरकवून ठेवला, सहज कुणाला दिसू नये असा. एसी परत घरघरू लागला.

"आमच्याकडे फ्रीजला स्टॅबिलायझर असायचा, तसंच ना हे?" पुरुषोत्तमराव मागे येऊन उभे होते.

"तसंच. बाहेरचं व्होल्टेज कितीही पडू दे, आपल्याला पूर्ण मिळतं."

"वा. मग हा डबा सगळेच का लावत नाहीत?"

या प्रश्नाचं खरं उत्तर गुरुनाथला पाठ होतं. डबा काही वीज तयार करत नाही. तो खांबातून जास्त करंट ओढतो, आणि आपल्या पुढच्यांचं व्होल्टेज आणखी पडतं. पण तो म्हणाला, "माहीत नसतं हो लोकांना." पुरुषोत्तमरावांनी कौतुकाने मान हलवली. दुपारपासून पहिल्यांदाच त्याला बरं वाटलं.

अर्ध्या तासाने ऑफिसातली मार्लीन गोल्फ कार्ट घेऊन रांगेतून आली. साठीची बाई, उन्हाने रापलेली, मांडीवर क्लिपबोर्ड. गुरुनाथ आणि पुरुषोत्तमराव तेव्हा दाराशीच उभे होते.

"सगळ्यांना एक विनंती करत फिरतेय," ती म्हणाली. "बारा नंबरवर एक आजी आहेत, त्यांचं ऑक्सिजनचं मशीन आहे. व्होल्टेज इतकं पडलंय की ते सारखं बीप करतंय. सात वाजेपर्यंत या रांगेतले एसी बंद ठेवता येतील का? आमची वायरिंग जुनी आहे, मला लाज वाटते सांगायला."

गुरुनाथला पुढे कितीही वेळा आठवून बघितलं तरी कळलं नाही, की ते शब्द कसे तयारच होते.

"आमचा बंदच आहे," तो म्हणाला. "केव्हाच बंद केला. फक्त पंखा चालू आहे."

मार्लीनने वर बघितलं. टपावरून एसीचं पाणी गाडीच्या अंगावरून ओघळत होतं आणि खिडकीच्या खाली खडीवर टपटपत होतं. तिने ते पाहिलं. मग गुरुनाथकडे पाहिलं.

"ओके," ती म्हणाली. "थँक यू, सर." क्लिपबोर्डवर तिने काहीतरी खूण केली आणि कार्ट पुढे नेली.

पुरुषोत्तमरावांना इंग्रजी उत्तम कळत होतं. आयुष्यभर त्यांनी बँकेचा पत्रव्यवहार त्याच भाषेत केला होता. त्यांनी पायातली चप्पल थोडी सारखी केली आणि "जरा पडतो," म्हणून आत गेले.

गुरुनाथ तिथेच उभा राहिला. रांगेतल्या टपांवरची घरघर एकेक करून थांबत गेली. सहा नंबर, आठ नंबर, अकरा. दोन मिनिटांनी बंद करू, त्याने ठरवलं. लगेच केला तर व्याह्यांना वाटेल, मघाशी खोटं बोललो. हा विचार डोक्यात आला आणि त्याचा त्यालाच चटका बसला, कारण व्याह्यांना वाटायचं ते वाटून झालं होतं. मग त्याने सुनेत्राताईंचं बीपी आठवलं. मग म्हटलं, आपल्या एकट्याच्या एसीने असा काय फरक पडतो, दोन-तीन व्होल्ट. एकतीस वर्षं जी माणसं त्याच्यापुढे असं म्हणत आली होती, त्यांची त्याला मनातल्या मनात कीव यायची.

आता सगळीकडे शांत झाल्यावर तो आवाज त्याला ऐकू आला. बारीक, चिकाटीचा. बीप, बीप, बीप.

त्याने बूस्टरवरचा आकडा बघून ठेवला, आत गेला आणि एसी बंद केला. शुभाने विचारलं, "काय झालं?"

"शेजारी एक पेशंट आहे. मी आलोच."

बाहेर येऊन त्याने बूस्टरवरचा आकडा परत बघितला. बाहेरून येणारं व्होल्टेज पाचाने वर चढलं होतं. दोन-तीन नाही, पाच. हेही त्याला आधीच माहीत होतं. त्याने डबा सोडवला, छातीशी धरला आणि बारा नंबरकडे चालू लागला.

तिथे एक जुना, लहान ट्रेलर होता. दारात उंच, वाकलेला म्हातारा उभा होता. त्याच्या हातात ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर होता आणि तो त्यावरचा काटा चष्म्याजवळ नेऊन बघत होता.

"मी गुरुनाथ. नऊ नंबर," गुरुनाथ म्हणाला. "हे लावलं तर तुमचं मशीन नीट चालेल."

"मी वेंडेल." म्हाताऱ्याने डब्याकडे बघितलं, मग त्याच्या घामाने भिजलेल्या शर्टाकडे. "लावा ना. सिलिंडर तासभर पुरेल फार तर."

गुरुनाथने गुडघे टेकून जोडणी केली. प्लग दोनदा चुकला. तिसऱ्या वेळी बसला. डब्यावर एकशे तेरा आलं आणि आतली बीप थांबली. त्या जागी मशीनची संथ, खोल हुसहुस सुरू झाली.

"डोरिस, आलं बघ," वेंडेल आत बघून म्हणाला. अंथरुणावर एक किरकोळ बाई उशांना टेकून बसली होती, नाकाला नळी. केस कपाळाला चिकटले होते. तिने हात उचलून गुरुनाथकडे बघितलं. दोन-तीन श्वास जमा करून ती म्हणाली, "देव तुमचं भलं करो."

हे ऐकून घेऊन परत जाणं शक्य होतं. गुरुनाथ दोन पावलं निघालाही. मग वळला.

"वेंडेल, माझा एसी चालू होता," तो म्हणाला. "मार्लीनला मी बंद आहे म्हणून सांगितलं. तो चालू होता. आणि हा डबाही मीच लावला होता. याने तुमचं व्होल्टेज आणखी पडलं. हे माझंच क्षेत्र आहे, मला सगळं कळत होतं."

वेंडेलने दार हळूच ओढून घेतलं, डोरिसला ऐकू जाऊ नये म्हणून.

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "चाळीस वर्षं मी एसी दुरुस्त केलेत. कुठला कॉम्प्रेसर चालू आहे, ते इथे बसून सांगतो."

"मग तुम्ही मला येऊन का नाही सांगितलंत?"

"आलो होतो की. तुमचा एसी परत सुरू झाला आणि आमचं मशीन बीप करायला लागलं, तेव्हाच, मार्लीनकडे जायच्या आधी. तुमच्या पायरीपर्यंत आलो. दारातून दिसलं, पाहुणे आहेत. तुम्ही त्यांना काहीतरी समजावून सांगत होतात." त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. "माणसाला त्याच्या माणसांसमोर असं काही सांगू नये. म्हटलं, ऑफिसातून सगळ्यांनाच सांगू दे, म्हणजे तुमच्या एकट्यावर येणार नाही."

 आत धाप लागलेल्या बायकोला ठेवून हा माणूस त्याच्या पायरीपर्यंत आला होता, आणि त्याची लाज राखायला परत फिरला होता.

"आय ॲम सॉरी," गुरुनाथ म्हणाला.

"बरं," वेंडेल म्हणाला. रागाने नाही, आणि फार मायेनेही नाही. "डबा सकाळपर्यंत राहू दे ना?"

"राहू दे. मला नकोच आहे तो."

परत येताना त्याला रांग पहिल्यांदाच नीट दिसली. एसी बंद केल्यामुळे सगळे बाहेर येऊन बसले होते. अकरा नंबरवरचं जोडपं ओले टॉवेल मानेवर टाकून गाडीच्या सावलीत बसलं होतं. दहा नंबरच्या बाईने दोन पोरांना प्लॅस्टिकच्या टबात बसवलं होतं आणि ती स्वतः काठावर बसून त्यांच्या डोक्यावर मगने पाणी ओतत होती. तिने गुरुनाथला बघून हात केला. "भयंकर आहे ना आज? पण सातपर्यंतच तर काढायचंय," ती म्हणाली. आपल्यातलाच एक समजून म्हणाली. त्याला हात वर करावा लागला.

नऊ नंबरवर शुभाने बाहेर खुर्च्या टाकल्या होत्या. सुनेत्राताईंच्या पायाशी गार पाण्याची बादली होती आणि त्यांचे पाय त्यात होते. "आता बरं वाटतंय हो," त्या म्हणाल्या. "आत फारच गार होत होतं मला, कुणाला सांगू म्हटलं."

पुरुषोत्तमराव शेजारी उन्हात बसले होते. गुरुनाथ त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला.

"पुरुषोत्तमराव, मघाशी मी त्या बाईंशी..."

"त्या आजी कशा आहेत?" पुरुषोत्तमरावांनी मध्येच विचारलं.

"बऱ्या आहेत. मशीन चाललंय."

"मग झालं," ते म्हणाले. शेजारच्या खुर्चीवर त्यांचा पंचा वाळत टाकला होता. तो त्यांनी उचलला, घडी करून मांडीवर ठेवला, आणि ती खुर्ची सावलीत ओढून त्याच्याकडे वळवली. स्वतःची उन्हातच राहिली होती.